मागून घेतलेली जागा



आज मी आपल्याशी संगणकाच्या स्मृतीविषयी बोलणार आहे. विषयाचे नाव ऐकून लगेच रेडिओचा कान पिरगाळू नका. सांगायची गोष्ट तशी घरगुतीच आहे. कोणाकडून काही मागून घेतले, तर काम झाल्यावर ते ज्याचे त्याला परत करावे, आणि परत केल्यावर त्याला पुन्हा हात लावू नये, एवढीच ती गोष्ट. आपल्या आईवडिलांनी हे आपल्याला लहानपणीच शिकवले आहे. पण संगणकाला आज्ञा लिहून देणारी माझ्यासारखी माणसे हे विसरतात, आणि मग काय होते ते ऐका.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी एक लहानसे नोंदयंत्र तयार करून दिले होते. दूध काट्यावर ठेवले की सभासदाचा क्रमांक, वजन आणि फॅट यांची नोंद व्हावी आणि पावती बाहेर यावी, इतकेच त्याचे काम. वर्षभर ते बिनतक्रार चालले. नंतर निरोप आला की यंत्र मधूनच ठप्प होते. बंद करून पुन्हा चालू केले की सुरळीत. सचिव मोठे दक्ष गृहस्थ. त्यांनी प्रत्येक वेळची तारीख वहीत टिपून ठेवली होती. पाहतो तर चार दिवस ठीक, आणि पाचव्या दिवशी सकाळी गाडी अडलेली. दर खेपेला असेच.

मी मुद्दाम पाचव्या दिवशी पहाटे जाऊन बसलो. शहाण्णव जणांच्या पावत्या झरझर निघाल्या. सत्त्याण्णवाव्या क्रमांकाला एक आजी होत्या. त्यांच्या दुधाचे वजन झाले, दूध मोठ्या कॅनमध्ये ओतले गेले, आणि यंत्र जागच्या जागी थांबले. ना नोंद, ना पावती. आजी मला म्हणाल्या, "बाबा, दूध तर गेलं कॅनात. आता माझं माप कोण सांगणार?" सचिवांनी काट्यावरचा आकडा पाहिला होता, तो त्यांनी वहीत लिहून घेतला, म्हणून आजींचे पैसे वाचले. चूक सचिवांची नव्हती, विजेचीही नव्हती. चूक माझी होती. ती कोणती, हे कळण्यासाठी आपण आधी बाजारात जाऊन येऊ.

आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. रस्त्याच्या कडेने एक लांबलचक मोकळी पट्टी आहे, तिच्यावर फुटाफुटाला खुणा घातल्या आहेत. संगणकाची स्मृती अशीच असते. एका रांगेत असंख्य लहान घरे, आणि प्रत्येक घराला क्रमांक. एका घरात मावेल तेवढ्या मजकुराला बाइट म्हणतात आणि घराच्या क्रमांकाला पत्ता.

बाजारात जागा वाटायला एक कारकून बसलेला असतो. भाजीवाली येते आणि म्हणते, "दादा, मला सहा फूट जागा हवी." कारकून मोकळी जागा शोधतो आणि एक चिठ्ठी फाडून देतो. चिठ्ठीवर फक्त जागा कोठून सुरू होते तेवढा क्रमांक. जागा किती लांब आहे, ते तो जागेच्या तोंडाशी ठेवलेल्या दगडावर खडूने लिहितो. बाजार आटोपल्यावर भाजीवाली चिठ्ठी परत देते. कारकून दगडावरचा आकडा वाचतो आणि तेवढी जागा मोकळी धरतो.

श्रोतेहो, 'सी' नावाच्या भाषेत नेमके हेच चालते. ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी १९७८ साली तिच्यावर लिहिलेल्या पुस्तकात असा कारकून कसा बांधायचा तेही दाखवले आहे. आज पन्नासाहून अधिक वर्षे झाली, तरी पुष्कळ लहानमोठ्या यंत्रांच्या पोटात हीच भाषा काम करते. तिच्यात जागा मागण्याच्या आज्ञेला मॅलॉक म्हणतात आणि जागा सोडण्याच्या आज्ञेला फ्री. मॅलॉकला सांगायचे, इतके बाइट हवेत. तो पत्ता देतो. फ्रीला तो पत्ता द्यायचा. जागा मोकळी होते.

आता तुम्ही विचाराल, प्रत्येक वेळी अशी मागणी करावीच लागते का? नाही. छोट्या कामाला लागणारी जागा पंगतीतल्या पत्रावळीसारखी असते. पंगत बसली की मांडली, पंगत उठली की उचलली. कोणाला विचारावे लागत नाही. पण किती माणसे जेवायला येणार हे आधी ठाऊक नसेल, किंवा पंगत उठल्यावरही वस्तू राहायला हवी असेल, तर मात्र कारकुनाकडे जावे लागते.

या कारकुनाच्या काही सवयी आहेत, त्या ध्यानात ठेवा.

पहिली सवय, तो जागा झाडून देत नाही. आधीच्या माणसाचा पालापाचोळा तिथेच पडलेला असतो. मॅलॉकने दिलेल्या जागेत जुनाच मजकूर असू शकतो, आणि तो आपला समजून वाचला तर हिशेब चुकतो. झाडून स्वच्छ केलेली जागा हवी असेल तर कॅलॉक नावाची वेगळी आज्ञा आहे. ती सगळीकडे शून्य भरून देते.

दुसरी सवय, तो मागितल्यापेक्षा थोडी जास्त जागा अडवतो. दगडाला जागा लागतेच, शिवाय त्याला ठरावीक मापातच जागा मोजायची असते. लिनक्सच्या नेहमीच्या ६४ बिटी संगणकावर एक बाइट मागितला तरी ३२ बाइट खर्ची पडतात. २४ मागा, तरी ३२. पण २५ मागितले की एकदम ४८. चिमूटभर मिठासाठी अख्खे पातेले अडवावे तसे हे. म्हणून हजारो बारीक मागण्या करण्यापेक्षा एकच मोठी मागणी पुष्कळदा स्वस्त पडते.

तिसरी सवय, तो एकदा दिलेली जागा हलवत नाही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे मुलांना समजवायचे असेल तर शाळेच्या अंगणात फक्कीने सोळा चौकोन ओळीने आखा. चार मुलांना चार-चार चौकोन द्या. आता पहिल्या आणि तिसऱ्या मुलाला उठवा. आठ चौकोन मोकळे झाले. मग पाचव्या मुलाला सांगा, "सलग सहा चौकोन माग." मिळतात का? नाही मिळत. मोकळे आहेत आठ, पण चार इकडे आणि चार तिकडे. मुले म्हणतील, "गुरुजी, दुसऱ्याला सरकवा ना!" तेच तर करता येत नाही. त्याचा पत्ता त्याने चिठ्ठीवर लिहून घेतला आहे. कदाचित दहा सोबत्यांनाही तो सांगून ठेवला आहे. त्याला सरकवले तर त्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या ठरतील. आता दुसऱ्या मुलालाही उठवा. तीन तुकडे एकमेकांना लागून आले आणि बारा चौकोनांची एक सलग जागा झाली. चांगला कारकून शेजारच्या मोकळ्या जागा अशा जोडून घेतो. तरीही पुष्कळ दिवस चालणाऱ्या यंत्रात जमिनीचे तुकडे पडतातच. वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे पडले की एकूण एकर तेवढेच असतात, पण औत फिरवायला जागा राहत नाही. हे दुखणे आपल्याला काही नवे नाही.

चौथी सवय, सोडलेली जागा तो सहसा सरकारला परत करत नाही. कारकुनाने ही पट्टी मुळात सरकारकडून, म्हणजे संगणकाच्या मुख्य व्यवस्थेकडून, मोठ्या तुकड्यांनी घेतलेली असते. आपण सहा फूट सोडले की तो ते पुढच्या गिऱ्हाइकासाठी आपल्याच ताब्यात ठेवतो. म्हणून नवशिका म्हणतो, "मी फ्री केले, तरी स्मृतीचा वापर कमी का दिसत नाही?" तो याच कारणाने. अगदी मोठी मागणी असेल, लिनक्सवर साधारणपणे १२८ किलोबाइटच्या वरची, तर कारकून ती थेट सरकारकडून वेगळी आणून देतो, आणि सोडल्यावर ती थेट परत जाते.

आता चुकांकडे वळू. चुका पाच प्रकारच्या होतात.

एक, जागा अपुरी मागणे. समजा, सभासदाचे नाव आहे गंगाराम. वाचताना चार अक्षरे. पण युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना व अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे चिन्हे सात, बाइट एकवीस, आणि शेवटी नाव संपल्याची खूण म्हणून एक शून्य, एकूण बावीस. ज्याने अंदाजाने कमी जागा मागितली, त्याचे सामान शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. आणि शेजारच्या जागेच्या तोंडाशी काय असते? कारकुनाचा दगड! त्याच्यावरचा आकडाच पुसला जातो. यंत्र मात्र तिथल्या तिथे बिघडत नाही. ते बिघडते पुष्कळ वेळाने, शेजारी आपली चिठ्ठी परत करायला येतो तेव्हा. दोष एकाचा आणि बोंब दुसऱ्याच्या दारात.

दोन, जागा सोडल्यावरही वापरणे. चिठ्ठीचा क्रमांक पाठ आहे म्हणून भाजीवाली दुपारी पुन्हा तिथेच टोपली ठेवते. तोवर तिथे कापडवाला बसलेला असतो. कोथिंबिरीचे पाणी त्याच्या लुगड्यांवर. ही चूक सर्वांत धोक्याची, कारण लबाड माणूस तिचा फायदा घेतो. सोडलेल्या जागेत तो आपले सामान मांडून बसतो, आणि आज्ञावली ते आपलेच समजून उचलते. गूगलच्या क्रोम या न्याहाळकाच्या मंडळींनी २०२० साली आपल्या गंभीर सुरक्षादोषांची झडती घेतली, तेव्हा सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरवापराचे निघाले, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे याच एका प्रकारचे.

तीन, एकच चिठ्ठी दोनदा परत देणे. साधाभोळा कारकून ती जागा मोकळ्या यादीत दोनदा लिहितो, आणि मग एकच जागा दोघांना मिळते. पुढचे भांडण मी सांगायला नको. हल्लीचे कारकून पुष्कळदा ही चूक पकडून आज्ञावली तिथेच थांबवतात, पण दर वेळी पकडतीलच असा भरवसा नाही.

चार, जागा वाढवून घेतल्यावर जुनी चिठ्ठी वापरणे. रीॲलॉक नावाची आज्ञा दिली की कारकून शेजारी जागा असल्यास तिथेच वाढवून देतो. नसल्यास दुसरीकडे मोठी जागा देऊन सामान तिकडे हलवतो. हलवण्याचा हा एकच प्रसंग, आणि तोही आपण मागितला म्हणून. तेव्हा जुना पत्ता रद्द झाला, हे विसरायचे नाही.

पाचवी चूक सर्वांत गरीब दिसते. जागा घ्यायची आणि चिठ्ठी हरवून टाकायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही; फक्त ती जागा कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. रांजणाला केसाएवढी चीर असावी, तशी जागा ठिबकत जाते. आज्ञावली संपली की सगळी पट्टी आपोआप मोकळी होते, म्हणून दोन मिनिटे चालणाऱ्या कामात हे लक्षातही येत नाही. पण जे यंत्र दिवसरात्र चालायचे, त्याचे काय?

श्रोतेहो, आता आपण पुन्हा आजींच्या कॅनपाशी आलो. प्रत्येक सभासदाच्या नोंदीसाठी माझी आज्ञावली दगडासकट ६४ बाइट जागा मागत असे. नोंद रद्द केली तर ती जागा परत करण्याची ओळ मी लिहिली होती. पण नोंद नीट झाली, पावती निघाली, त्या वाटेवर ती ओळ लिहायची राहून गेली. म्हणजे बिघडलेल्या कामाचा निरोप मी नीट घेत होतो आणि सुरळीत झालेल्या कामाचा विसरत होतो! यंत्रात नोंदींसाठी ९६ किलोबाइट, म्हणजे ९८,३०४ बाइट मोकळे होते. त्याला ६४ ने भागा, १,५३६ नोंदी. गावात सभासद १८०, दूध दोन वेळचे, म्हणजे रोज ३६० नोंदी. चार दिवसांच्या झाल्या १,४४०. उरल्या ९६. पाचव्या दिवशी सकाळी शहाण्णव जण पार पडले आणि सत्त्याण्णवाव्या आजींच्या वेळी जागा संपली. हा भागाकार पाचवीतला मुलगा करील. मी तो केला नव्हता.

मग वर्षभर हे लपले कसे? वीज जात होती म्हणून. गावात रोज वीज जाई, यंत्र बंद पडे आणि परत सुरू होताना पट्टी कोरी होई. संस्थेने इन्व्हर्टर घेतला, यंत्र सलग चालू लागले आणि माझे पाप उघडे पडले. सोय वाढली की जुना दोष कधीकधी असा वर येतो.

आणि एक दुसरी चूकही होती. जागा नसेल तर मॅलॉक खोटे बोलत नाही. तो नल, म्हणजे शून्य पत्ता देतो. 'जागा नाही' असे सांगण्याची ती त्याची रीत. मी ते उत्तर पाहिलेच नाही आणि त्या शून्य पत्त्यावर लिहायला गेलो. तेवढी एक ओळ तपासली असती, तर यंत्राने दूध ओतण्यापूर्वीच 'थांबा' म्हटले असते.

ही चूक फक्त माझ्यासारख्यांचीच होते असे नाही. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेची स्पिरिट नावाची गाडी मंगळावर उतरली. २१ जानेवारीला तिचे नीट बोलणे थांबले. ती पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागली. तिच्यात १२८ मेगाबाइट कामाची स्मृती होती, आणि फायली साठवायला २५६ मेगाबाइटची वेगळी. साठवणीतल्या फायलींची यादी कामाच्या स्मृतीत ठेवली जाई. प्रवासापासूनच्या फायली साठत गेल्या, यादी फुगत गेली, आणि दुसऱ्या कामाने जागा मागितली तेव्हा जागा उरली नव्हती. गाडी स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करी. पण सुरू होताच तीच लांबलचक यादी पुन्हा वाचायला घेई आणि पुन्हा अडके. माझ्या यंत्राला वीज गेल्याने जीवदान मिळत होते, तिला तेही मिळेना. पृथ्वीवरच्या मंडळींनी तिला ती यादी न वाचता सुरू व्हायला सांगितले, नको त्या फायली काढून टाकल्या, आणि फेब्रुवारीत ती पुन्हा कामाला लागली. नव्वद दिवसांसाठी धाडलेली ती गाडी मार्च २०१० पर्यंत संदेश पाठवत राहिली.

यावर उपाय काय? जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी असा झाडूवाला योजला की ज्या जागेची चिठ्ठी कोणाकडेच उरली नाही, ती तो स्वतः हुडकून मोकळी करतो. जावासारख्या भाषांत तोच चालतो. पण झाडलोट करायला वेळ लागतो आणि वर जागाही लागते. लहान यंत्राला ते पुष्कळदा परवडत नाही. २०१५ साली पक्क्या रूपात आलेली रस्ट ही भाषा जागेचा मालक कोण, हे आज्ञावली तयार होतानाच तपासून घेते. 'सी'त लिहिणाऱ्यांसाठीही व्हॅलग्राइंडसारखी तपासनीस साधने आहेत. कोणती चिठ्ठी कोठे हरवली ते ती दाखवून देतात. आणि २००६ साली नासाच्याच प्रयोगशाळेतील जेरार्ड होल्झमन यांनी सुरक्षेच्या कामांसाठी दहा नियम सांगितले, त्यांतला एक असा: लागणारी जागा आरंभीच घ्यावी, काम सुरू झाल्यावर नवी मागू नये.

मीही शेवटी तेच केले. एका वेळी एकाच सभासदाची नोंद व्हायची, मग एकच जागा पुरे. ती यंत्र सुरू होताना एकदा घेतली आणि दर वेळी पुसून तीच वापरली. त्यानंतर पाचवा दिवस आला आणि गेला. सचिवांनी पुढे महिनाभर वहीत तारखा टिपल्या, मग वही मिटली.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाळांतली मुले उद्या अशी यंत्रे घडवणार आहेत. त्यांना आज्ञा लिहायला शिकवताना चार सवयी लावा. मागणी केली की उत्तर पाहावे. जागा घेणारी ओळ लिहिताच ती परत करणारी ओळ कोणती, ते ठरवावे. आणि काम ज्या ज्या वाटेने संपू शकते, त्या प्रत्येक वाटेवर ती आहे ना, हे पाहावे. जागा सोडल्यावर चिठ्ठीवरचा पत्ता खोडून तिथे शून्य लिहावे. शून्य पत्ता चुकून पुन्हा फ्रीला दिला तरी काही बिघडत नाही. आणि यंत्र तपासायचे तर पाच मिनिटे नव्हे, पाच दिवस चालवून तपासावे.

कारण यंत्राच्या पलीकडे नेहमी कोणीतरी उभे असते. त्याचे दूध कॅनमध्ये ओतले गेलेले असते, आणि त्याचे माप आपल्या हाती असते.